लवंग जास्त झाली

मेढ्याच्या स्टँडसमोर आमची चहाची टपरी हाय. माणसं तिथं चहाला न्हाई, माझ्या नवऱ्याच्या, मौलाच्या मसाल्याला येत्यात. पाऊस सरून सकाळी गारठा पडाय लागला की हे घरात मसाला कुटाय बसत्यात. दालचिनी, सुंठ, वेलदोडं, जायफळ, मिरी, लवंग. माप न्हाई, तराजू न्हाई. तळहातावर चिमूट चोळायची, नाकाशी न्यायची, डोळं मिटायचं आन म्हणायचं, "जायफळ मागं पडलंय." लय मिजासखोर नाक. कालवणात लसूण जरा कमी पडला तरी ह्यास्नी दारातनं कळायचं, आन मग जेवण हुईस्तवर माझा उद्धार.

यंदा आमची लेक अर्फा मागं लागली. ती सांगलीला, घरातच केक-नानकटाई करून विकती. म्हणली, दिवाळीच्या नानकटाईत अब्बांचाच मसाला पायजे. झालं, हे असं फुगलं की मला खलबत्त्याला हात लावू दिला न्हाई. डबा भरून एसटीनं धाडला.

काल तिचा फोन. "अम्मी, लवंग किती घातलीय? जीभ बधिर झाली. गिऱ्हाइकानं डबा परत दिला."

मी ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "आवं, मसाला केलाय का खिळं भरल्यात?"

"मसाला बरोबर हाय. तिचं ओव्हन बिघडलं असंल."

घरातला डबा उघडून मीच हुंगला. नुसती लवंग. वेलदोडा, जायफळ कुठं पत्त्याला न्हाई. टपरीवर रोज चहाला येणारा तानाजी बी म्हणला हुता, वहिनी, चहा लय झोंबतोय. त्यालाच मी वाट्टंल तसं बोलले हुते.

"नवा करा," म्हणलं, "आन ह्या खेपंला डोकं ठिकाणावर ठिवा." दूध गॅसवर ठेवलं, ह्यास्नी बघाय सांगितलं आन गिरणीतनं दळण आणाय गेले. परत आले तर गल्लीतच करपल्याचा वास. घरात बघती तर दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर. आन हे गॅसकडं पाठ करून हातभर अंतरावर बसल्यालं. तळहात नाकाशी, डोळं मिटल्यालं.

मी गॅस बंद केला. भांडाय तोंड उघडलं आन तसंच मिटलं.

"कवापासनं?" मी इचारलं.

ह्यांनी डोळं उघडलं. मग म्हणलं, "मागच्या थंडीत ताप आलता, तवापासनं. वास म्हणून येत न्हाई. जिभंला झोंबलं तर तेवढंच कळतंय. म्हणून लवंग घालत गेलो."

"मला सांगाय काय झालतं?"

"मसालेवाल्याला नाक न्हाई म्हणल्यावर कोण येणार गं? आन लेकीनं पैल्यांदाच माझ्याकडं कायतरी मागितलं हुतं."

असा संताप आला म्हणून सांगू. वरीस झालं, ह्यांनी माझ्या कालवणाला एकदा नाव ठेवलं न्हाई. आन मी खुळी, मला वाटलं माझा हात सुधारला.

तेवढ्यात परत अर्फाचा फोन. "अम्मी, अब्बांना विचारलंस का?"

हे माझ्या तोंडाकडं बघत बसलं. हातावर चिमूट तशीच.

"त्यास्नी काय इचारायचं," मी म्हणलं. "हे टपरीवर गेल्यावर मीच घातली लवंग. कमी वाटली."

मग लेकीनं मला जे धुतलं. "तुला वासातलं काय कळतं का अम्मी? अब्बांच्या मसाल्यात कशाला लुडबुड करतेस?" जन्मात कुणाचं ऐकून न घेणारी मी, हूं हूं करत सगळं ऐकलं.

फोन ठेवला. ह्यांचा हात धरून माझ्या नाकाशी आणला.

"अगं, पण..."

"बोलू नगा. वास घिऊ द्या."

मग ह्यांनी हळूच इचारलं, "काय म्हणतोय?"

"जायफळ मागं पडलंय," मी म्हणलं.

ह्यांनी मुकाट्यानं किसणी ओढली.