चाळीसची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हसू नका! साधीसुधी नाही, मासे मोजायची फळी आहे मी! माझ्या अंगावर एकपासून शंभरपर्यंत आकडे आहेत आणि चाळीसपाशी एक लाल रेघ आहे. आमच्या किनाऱ्यावर चाळीस सेंटिमीटरहून लहान कॉब मासा मिळाला, तर तो ठेवायचा नसतो. लगेच पाण्यात सोडायचा. आणि लहान की मोठा, हे कोण सांगतं? मी!

मला ओपांनी बनवलं. ओपा म्हणजे रोझेल्डाचे आजोबा, रेहोबोथ गावचे सुतार; घरातले लहानमोठे सगळेच त्यांना ओपा म्हणतात. एका जुन्या दाराची फळी त्यांनी रंधा मारून गुळगुळीत केली, पोलादी फितीने मोजून आकडे काढले आणि पाठ मुद्दाम कोरी ठेवली. घरातल्या ज्या मुलाला पहिल्यांदा रेघेपर्यंतचा कॉब मिळेल, त्याचं नाव ओपा तापलेल्या तारेने माझ्या पाठीवर उमटवतात. चटका बसतो, पण रुबाब काय वाढतो म्हणून सांगू!

दर डिसेंबरात आमची स्वारी निघते. पिकअपच्या मागे तंबू, गळाच्या काठ्या, पाण्याचे डबे आणि सगळ्यांच्या वर मी. स्वाकोपमुंड गाव मागे पडलं की खारं पाणी मारून घट्ट केलेला मिठाचा गुळगुळीत रस्ता लागतो, एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला गार समुद्र, आणि मधे धुक्यात आम्ही! वाळूत शिरण्याआधी, चाकं रुतू नयेत म्हणून, ओपा टायरमधली हवा कमी करतात. फुस्स आवाज आला की मला कळतं, आलो आपण!

पूर्वी माझा थाट होता. प्रत्येक माशानंतर ओपा मला धुऊन, पुसून, सावलीत उभी करत. मग त्यांचे गुडघे दुखू लागले आणि मी रोझेल्डाच्या हेंड्रिककाकांच्या हाती आले. काका मनाने चांगले, पण हाताला येईल ते वापरणारे. माझ्यावर कांदे चिरले. माझ्याने तंबूच्या खुंट्या ठोकल्या. आणि गेल्या वर्षी, पहिल्याच दिवशी, त्यांनी माझ्याने निखारे ढकलले! माझं टोक जळलं, एकचा आकडा राख होऊन उडाला. मासा मोजताना त्याचं तोंड त्याच टोकाला भिडवतात. म्हणजे तेव्हापासून मी प्रत्येक मासा एक सेंटिमीटर वाढवून सांगत होते. मी, खोटारडी! आणि ओरडायला मला तोंड नाही.

त्याच सहलीत काकांचा मुलगा क्विंटन याला "बरोब्बर चाळीस"चा कॉब मिळाला. त्याचं नाव माझ्या पाठीवर आलं; तार फिरवताना ओपांचं लक्ष पाठीवरच होतं, टोकाकडे नाही.

आता यंदाचं ऐका. रोझेल्डा तेरा वर्षांची. तीन वर्षं गळ टाकते आहे, पण एकही मासा रेघेला पोचलेला नाही. यंदाचा शेवटचा दिवस उजाडला, तरी नाहीच.

"काय गं, यंदापण माशांना फुकट जेवण का?" क्विंटन म्हणाला.

"गप रे! एक मासा काय मिळाला, लागला मिरवायला."

तेवढ्यात तिची काठी वाकली.

"ओपा! ओढतोय! खरंच ओढतोय!"

"दोरी ढिली सोडू नकोस गं पोरी! मागे सर, अजून मागे!"

ती मागे सरकत सरकत वाळूत आपटली, उठली, आणि लाटेबरोबर चांदीसारखा झगझगीत कॉब बाहेर आला. काकांनी मला ओल्या गोणपाटावर टाकलं, माझ्यावर मासा ठेवला.

"चाळीस! शेपटी रेघेवर! ओपा, तार तापवा!" काका ओरडले.

क्विंटनसुद्धा नाचायला लागला. मला मात्र बुडून जावंसं वाटत होतं. रोझेल्डा गुडघ्यांवर बसली आणि आपला चाळीस नीट दिसावा म्हणून अंगठ्याने माझ्यावरची वाळू पुसू लागली, अगदी टोकापासून.

"दोन, तीन, चार... काका, एक कुठंय?"

"एकाचं काय घेऊन बसलीस? चाळीस बघ की!"

"नाही, पण एक कुठंय?"

क्विंटन खाली वाकला. जळकं टोक पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "ए, बोलू नकोस ना," तो कुजबुजला. "मग माझाही गेला."

रोझेल्डाने त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मासा कल्ले उघडून धापा टाकत होता. "हा एकोणचाळीस आहे," ती मोठ्याने म्हणाली, त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्याकडे धावली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. ती म्हणाली, खारं पाणी गेलं.

ओपांनी मला उलटसुलट पाहिलं. "हेंड्रिक, निखारे ढकलायला एवढ्या किनाऱ्यावर तुला एक काठी मिळाली नाही?"

"मिळाली असती, ओपा. पण ही हाताशी होती." काकांनी मान खाली घातली.

ओपांनी हत्यारांची पेटी काढली. जळका भाग कापला, नवा तुकडा जोडला, फितीने तीनदा मोजलं आणि एकचा आकडा पुन्हा काढला. अहाहा! चष्मा लागल्यावर कसं वाटतं, तसं वाटलं मला!

"ओपा," क्विंटन हळूच म्हणाला, "माझ्या नावावर रंधा मारा. मी परत मिळवीन."

"माझ्याआधी? स्वप्नं बघ!" रोझेल्डा म्हणाली, आणि दोघं काठ्या घेऊन पळाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात मोजणारं काही असेल, पट्टी, तराजू, माप. त्याने खिळे ठोकू नका, ते विस्तवात घालू नका. आम्ही बिघडलो तर आम्हाला सांगता येत नाही, आणि आमच्यावर विश्वास ठेवणारी माणसं उगाच खोटी ठरतात. काम झालं की धुवा, पुसा, सावलीत ठेवा. एवढंच मागणं.

थांबा, थांबा! रोझेल्डाची काठी पुन्हा वाकली आहे!

"फळी आणा! ओपा, फळी आणा!"

ओपा मला बगलेत मारून दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटले आहेत. मासा एकोणचाळीसचा असो की पन्नासचा, मला ठाऊक नाही. पण जो असेल तो मी खराच सांगणार!