घरचं उदाहरण

ऋतुजाच्या तासाला म्हणे पोरं खिडकीबाहेर बघत नाहीत. कशाला बघतील? प्राध्यापिका बाईसाहेब समाजशास्त्राची व्याख्या सांगायच्या आणि लगेच घरातलं उदाहरण द्यायच्या. पुस्तक कोरडं असतं, घर चुरचुरीत असतं. आणि फोडणी द्यायला घरात आयती नणंद होती, रेश्मा.

रेश्मा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायची. पहिल्या नवऱ्यानं हात मोडेपर्यंत मारलं, तेव्हा तिनं त्याला पोलिसात दिलं आणि सोडलं. तेव्हापासून ती धाकट्या भावाकडं, अजिंक्यकडं राहत होती. आता कुठं दुधनीच्या जोतीरामाशी तिचं जमलं होतं. स्वतःचं घर मिळणार होतं, स्वतःची चूल. घटस्फोट झालाय एवढं त्याच्या घरी माहीत होतं. पोलिसांचं ती जोतीरामाला स्वतःच्या तोंडानं सांगणार होती.

त्याआधीच त्याच्या बहिणीचा फोन आला. नवऱ्याला बेड्या घालणारी बाई आमच्या घरात नको म्हणाली. तिची मुलगी ऋतुजाच्याच वर्गात होती. त्या दिवशी तासाला शब्द होता ‘सामाजिक कलंक’. अर्थ, एखाद्या गोष्टीवरून समाज माणसाला कायमचं कमी लेखतो तो डाग. उदाहरण, मॅडमची नणंद.

रेश्माच्या अंगाची लाही लाही झाली. ऋतुजा कॉलेजातून आली तशी तिनं तिला उंबऱ्यातच गाठलं.

“ताई, मी तुमच्याच बाजूनं बोलले हो,” ऋतुजा म्हणाली. “चूक समाजाची आहे, हेच शिकवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.”

“तुला टाळ्या मिळाल्या. माझं घर गेलं की.”

“असल्या बुरसटलेल्या घरात जाण्यापेक्षा...”

“ते मी ठरवीन. तुला कुणी इचारलं?”

अजिंक्य मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. बायकोपुढं तोंड उघडायची त्याची छातीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेश्मानं कामावर खाडा केला आणि थेट वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसली. ऋतुजाचा चेहरा खर्रकन उतरला.

“ताई, घरी बोलू.”

“घरचं तू हितंच बोलतीस की. शिकीव. कुटुंब म्हंजे काय?”

ऋतुजानं घसा खाकरला आणि एकही शब्द न चुकता व्याख्या म्हणून दाखवली. रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यानं बांधलेल्या, एकमेकांचा सांभाळ करणाऱ्या माणसांचा गट. पोरांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली.

“आता उदाहरण दे,” रेश्मा म्हणाली.

ऋतुजा पाठ फिरवून फळा पुसायला लागली. मागं जोतीरामाची भाची मान खाली घालून रडत होती. रेश्माला तिची दया आली नाही. कुणाचीच आली नाही.

“ती नणंद मीच,” ती उठून पोरांना म्हणाली. “रेश्मा नाव हाय. पोलिसात दिलं त्येची मला लाज न्हाय.”

ती ताठ मानेनं बाहेर पडली. पण संध्याकाळी जायचं होतं ते त्याच घरी, ऋतुजाच्याही वाट्याच्या भाकरी थापायला.