तेलाचा थेंब

नईम मिस्त्री सकाळपासून चार वेळा चहाला उठला आणि चारही वेळा चहा अर्धाच टाकून दुकानात परतला. दुकान म्हणजे वलगावात रस्त्याकडेच्या घराची पुढची खोली. तिथे मधोमध जाड टायरांची एक निळी सायकल उलटी उभी होती आणि तिचं पुढचं चाक फिरवलं की दर फेऱ्याला एकदा खस्स असा आवाज येत होता.

डोंगरातल्या सेमाडोहला पर्यटकांसाठी अशा बारा सायकली आल्या होत्या. त्यांचं काम पाहणारी रागिणी त्यातली एक सकाळी जीपमधून आणून टाकून गेली होती. जाताना म्हणाली, "चाचा, चार वाजता येते न्यायले. हे जमलं तं बाराही सायकलींचं काम तुमच्याचपाशी."

बोंडअळीचं साल होतं. कापूस बोंडातच सडला होता आणि गावानं सायकली दुरुस्तीला आणणं सोडलं होतं. पंक्चरही लोक घरीच काढत. दिवसच्या दिवस नईमचे पाने खिळ्यावरून खाली उतरत नव्हते. या बारा सायकली त्याला हव्याच होत्या. अडचण एवढीच, की चाळीस वर्षांत त्यानं डिस्क ब्रेकला हात लावला नव्हता. आणि रागिणीला त्यानं ते सांगितलं नव्हतं.

"अजी, त्या चाकाकडे पाहून ते घाबरनार नाही," आतून त्याची बायको फरजाना म्हणाली. "हात तं लावा."

त्यानं लावला. आधी त्याला वाटलं, चाकच वाकडं आहे. पण चाक सुतासारखं सरळ फिरत होतं. मग तो जमिनीवर आडवा झाला आणि एक डोळा मिटून चाकाच्या मधल्या पोलादी चकतीकडे पाहत राहिला. चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा जरासा डावीकडे सरकला होता. त्यानं चिमट्याचे दोन बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला, चिमटा आपोआप मधोमध बसू दिला आणि तसाच आवळला. आवाज निम्मा झाला. चकती एका जागी किंचित वाकली होती, बहुधा जीपमध्ये कशाखाली तरी दबून. पान्यानं धरून त्यानं ती हळूच सरळ केली. आता खस्सचं नुसतं किस् उरलं.

तेवढं किस् काही त्याला बसू देईना. उठला, हात पुसले, रस्ता पाहिला, पुन्हा चाक फिरवलं. किस्. आणि मग कधी हातात तेलाची कुपी आली, त्यालाही कळलं नाही. कामाच्या शेवटी प्रत्येक फिरत्या जागी तेलाचा थेंब सोडायचा, ही उस्तादाची शिकवण. एक थेंब चकतीवर पडला. त्यानं चाक फिरवलं. आवाज नाही.

"फरजाना! गेला!" तो ओरडला, आणि सायकल घेऊन पेढी नदीच्या पुलाकडे निघालाच.

उतारावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही. आणखी दाबला. घाईत मागचा ब्रेक त्याला आठवलाच नाही. पुढून कडब्याची बैलगाडी येत होती. नईमनं दोन्ही पाय डांबरावर टेकले, घासत घासत बैलाच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबला आणि गाडीवानाच्या शिव्या मुकाट ऐकून घेतल्या.

घरी येऊन त्यानं चकती राखेनं घासली, साबणानं धुतली. पण चिमट्यातल्या, चकती दाबून धरणाऱ्या दोन्ही पॅडांनी तेल पिऊन टाकलं होतं. ब्रेक घसरतच राहिला.

"आवाज तं नाही ना येत?" फरजानानं विचारलं.

"नाही."

"मंग?"

नईम उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. सेमाडोहचे उतार त्यानं पाहिले होते.

रागिणी चारच्या आधीच आली. तिनं चाक फिरवलं, कान लावला आणि हसली. "वा चाचा! अमरावतीत दोघायले दाखवली होती, कोनाले जमलं नाही. थांबा, सायबाले फोन करते."

"फोन नका करू, बाई." नईमनं फिरतं चाक हातानं थांबवलं. "ब्रेक लागत नाही. म्या चकतीवर तेल टाकलं."

"तेल? ब्रेकवर? काहून?"

"सवय."

तिनं फोन खाली घेतला. "पहिल्यांदाच हात लावला का डिस्कले?"

"हो."

"हे सकाळी नाही सांगता आलं? परवा शाळेचे पोट्टे बसनार होते याच्यावर!"

त्यानं वाकून पॅडांची खीळ ओढली, दोन्ही पॅड काढून तिच्या तळहातावर ठेवले. "आता कोनी बसू नाही शकत. अमरावतीत नाही भेटत, नवे अकोल्याहून मी आनतो. बाकी बरोबर हाय. चिमटा सरकला होता, चकती वाकली होती. जीपमंदी एकावर एक नका टाकत जाऊ."

रागिणीनं ते काळे तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग ते तिनं त्याला परत दिले.

"नमुना लागंन ना अकोल्याच्या दुकानात. परवा सकाळी सेमाडोहले या. माह्यासमोर बसवा, अन् घाटातून पहिले तुमीच उतरा. थांबले, तं बाकीच्या अकराचं बोलू."

"अन् नाही थांबले तं?" फरजाना दारातून म्हणाली.

"तं चाची, तुमाले फोन करीन."

जीप अजून वळलीही नव्हती, तोच नईम पॅड कागदात गुंडाळत फरजानाला विचारत होता, "अकोल्याची पहिली गाडी किती वाजता हाय?"