गेडिसबाईंच्या काउंटरवरचा पाण्याचा जग

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर तुमचे लक्ष आधी माझ्या पोटावरच्या काळ्या टवक्याकडे जाईल. त्याचे मला वाईट वाटत नाही. मी पाण्याचा एक जुना एनॅमलचा जग आहे, अंगाने पांढरा आणि काठाला निळी रेघ असलेला. माझ्यासारख्याच्या आयुष्यात सांगण्याजोगे काही आहे का, याची मला स्वतःलाच शंका आहे. पण मी जे पाहिले ते माणसांचे आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याचा तुकडा साच्यात दाबून मला आकार दिला, मूठ जोडली, काचेच्या भुकटीच्या लेपात बुडवले आणि भट्टीत घातले. तो ताप अजून आठवतो. पण अंगाला चकाकी आली ती त्यामुळेच. मग मी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावात एका घरी आलो. तिथे माझ्यात दूध असे, सणावारी कस्टर्ड असे. त्या घरातली मुलगी नेसा शिकून केमिस्ट झाली आणि चढावरच्या रस्त्यावर तिने औषधांचे दुकान काढले. लोक तिला गेडिसबाई म्हणू लागले. त्यांच्या मागोमाग मीही दुकानात आलो, पण मला काम होते ते खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालण्याचे.

गावातल्या जहाजे बांधायच्या गोद्या तेव्हा बंद पडल्या होत्या. कितीतरी माणसे गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, सवयीत अडकली होती. काही जण तर नुसत्या पाठदुखीच्या गोळ्या खाता खाता तिथवर पोचले होते. ही सवय सुटावी म्हणून डॉक्टर मेथाडोन नावाचे हिरवे, पातळ औषध देतात. ते रोज दुकानात येऊन केमिस्टच्या समोर प्यायचे असते. वर पाणी प्यायचे आणि काहीतरी बोलायचे. माणूस बोलला म्हणजे औषध तोंडात धरून ठेवलेले नाही, पोटात गेले, हे केमिस्टला कळते.

असा पहिला माणूस आमच्याकडे आला, तेव्हा दुकानात काम करणारी सेंगा गडबडली.

"बाई, पाणी कशातून देऊ?"

"तो कुंड्यांचा जग आहे की. घास आणि भर."

त्या माणसाला पेल्यात पाणी मिळाले. ते पाहून खुर्चीवर बसलेल्या टीनी क्रॉकेट आजी कडाडल्या, "त्याला पाणी, आणि मी काय पाप केलंय? माझी रक्तदाबाची गोळी केव्हाची हातात वितळतेय!"

त्या दिवसापासून मी काउंटरच्या टोकाला उभा राहिलो. गोळी घेणारी म्हातारी, खोकणारा पोस्टमन, चढ चढून दमलेली आई, कोणीही माझ्यातून पाणी घेई. हिरवे औषध घेणाराही त्यांच्यातलाच एक. साध्या पेल्यातून कोण काय प्यायला, हे कोणी निरखून पाहत नसे. मला मात्र माझा अभिमान वाटे. तो वाटायला हवा होता की नको, कोण जाणे.

मित्रांनो, कोणत्या दुकानात औषध घ्यायचे हे रुग्णाला ठरवता येते. दवाखान्यातली नर्स विचारते, "कुठला केमिस्ट हवा?" तुम्हाला वाटेल, जो जवळ तो. पुष्कळदा तसेच असते. दुकान किती वाजता उघडते, कामावर जायच्या आधी औषध मिळेल का, हेही पाहतात. पण त्याहून जास्त ते एकमेकांना विचारतात: तिथे कसे वागवतात?

रोना मॅकी ही शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई. तिलाही हेच हिरवे औषध चालू होते. तिच्या घराखालीच औषधांचे दुकान होते. तिथे हिरव्या औषधाची रांग वेगळी, दाराजवळ. आतून कोणीतरी ओरडे, "मेथाडोनवाले थांबा, आधी बाकीचे!" आणि पाणी प्यायल्यावर, "हं, बोल काहीतरी." माणसाला असे बोल म्हटले की त्याला काय सुचणार? रोना "धन्यवाद" म्हणे आणि मान खाली घालून निघे. एका मैत्रिणीने तिला आमचे दुकान सुचवले. रोज तो चढ चढून ती आमच्याकडे येऊ लागली.

गेडिसबाई कधी "बोल" म्हणत नसत. त्या काहीतरी विचारत.

"काल शाळेत सूप कुठलं होतं?"

"मसूर."

"परत?"

"बाई, मुलांना विचारा. गाजराचं केलं की तोंडं अशी करतात!" रोनाने करून दाखवले. औषध पोटात गेल्याचे त्यातच कळले.

रोनाच्या सवयीमुळे तिची लहान मुलगी आयला स्वतःच्या आजीकडे राहत होती. रोना स्थिर राहिली, औषध चुकले नाही, तर मुलगी परत तिच्याजवळ येणार, असे ठरले होते. म्हणून तिला तो रोजचा चढ जड वाटत नव्हता.

मग एक चांगली गोष्ट घडली, आणि तिनेच घात केला. दुकानात नवी खोली बांधली गेली. धुरकट काचेचे दार, मऊ खुर्ची, कागदी पेल्यांचे पाण्याचे यंत्र. हिरवे औषध घेणाऱ्यांना आडोसा मिळावा, एवढाच गेडिसबाईंचा हेतू होता. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले. मला मागच्या मोरीपाशी ठेवले आणि माझ्यात बाटल्या धुवायचे ब्रश उभे केले. तिथेच कोणाच्या तरी हातून पडून माझा हा टवका उडाला.

रोना त्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा समोर रांगेत मिसेस ड्रेगहॉर्न उभ्या होत्या. रोनाच्या शाळेतल्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांनी सेंगाला विचारले, "ही खोली कसली गं?"

"ती होय? हिरव्या औषधवाल्यांची," सेंगा सरळ मनाने म्हणाली.

ड्रेगहॉर्नबाईंनी दाराकडे पाहिले, मग रोनाकडे. रोना मान खाली घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. हळूहळू बाकीचेही कमी झाले.

मोरीपाशी उभ्या उभ्या गेडिसबाई क्रॉकेट आजींना म्हणाल्या, "एवढी चांगली खोली केली, आणि माणसं दुसरीकडे चाललीत."

"मला कधी बोलावलंस गं त्या खोलीत?" आजींनी विचारले.

"तुम्हाला कशाला?"

"तेच तर! मला नाही, पोस्टमनला नाही, फक्त त्यांनाच. मग दारावर पाटी तरी कशाला हवी, नेसा? जो आत गेला त्याच्या कपाळावरच लावलीस की."

गेडिसबाईंना रोना आठवली. काही दिवस औषध चुकले की ते एकदम पहिल्याइतके देता येत नाही; जिवाला धोका असतो. दवाखान्यात पुन्हा तपासून घ्यावे लागते. आणि रिकाम्या दिवसांत माणूस पुन्हा गर्दकडे वळला, तर आयला तिच्या आजीकडेच राहते. त्यांनी फोन उचलला. मला वाटले, आता त्या रागावतील किंवा समजावतील.

"रोना? नेसा गेडिस बोलतेय. काल सूप कुठलं होतं गं?"

बाई फोन कानाला धरून थांबल्या.

"लीक-बटाट्याचं? ...मीठ विसरलीस? ...अगं, रडू नकोस. ऐक, खोलीची चूक माझी, तुझी नाही. आज दवाखान्यात जा, त्यांना सगळं खरं सांग. मी त्यांच्याशी बोलून ठेवते. आणि मग तुला जिथं बरं वाटेल तिथं जा. माझ्याकडेच यायला हवं असं नाही."

फोन ठेवून त्यांनी माझ्यातले ब्रश काढले आणि मला गरम पाण्याने धुतले.

त्या आठवड्यापासून त्या खोलीत सगळे जाऊ लागले. रक्तदाब तिथेच, लस तिथेच, दुखरा पाय दाखवायचा तिथेच. क्रॉकेट आजी सगळ्यात आधी गेल्या आणि बाहेर येऊन अख्ख्या दुकानाला म्हणाल्या, "खुर्ची चांगली आहे. मला घरी नेऊ देत नाहीत." मी पुन्हा काउंटरच्या टोकाला आलो. आणि हिरवे औषध घेणाऱ्या प्रत्येकाला गेडिसबाई हळूच विचारू लागल्या, "इथं घेशील की आत?" कोणी आत म्हणे, कोणी इथेच.

बरेच दिवस रोना आली नाही. दार वाजले की बाई मान वर करत. मला वाटले, तिने दुसरे दुकान निवडले असेल, आणि तिचे बरोबरच असेल.

पण ती आली. चेहरा ओढलेला, पण आली. ती काउंटरशी पोचते तोच खोलीचे दार उघडले आणि आतून ड्रेगहॉर्नबाई बाहेर आल्या. त्यांच्या कानात कापूस होता. रोना जागीच थिजली. ड्रेगहॉर्नबाईंनी तिच्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि कान बहिरा झाल्यामुळे त्या मोठ्याने म्हणाल्या, "उद्या लवकर ये, पोरी. बटाटे ढीगभर आहेत, आणि तुझ्यासारखं सोलणारं कोणी नाही."

रोना हसली. मग गेडिसबाईंना म्हणाली, "इथंच घेते."

पुढे आयला घरी आली. रोनाचे औषध डॉक्टरांनी हळूहळू कमी केले, घाई केली नाही. कित्येकांना ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते, त्यातही कमीपणा नाही. रोनाचे मात्र एक दिवस बंद झाले. बऱ्याच दिवसांनी ती आयलाला घेऊन आली, खोकल्याच्या गोळ्या हव्या होत्या. दोघींनी माझ्यातले पाणी घेतले. आता तिला बोलायला लावायचे काही कारण नव्हते, म्हणून गेडिसबाई गप्प राहिल्या.

पेला खाली ठेवून रोना आपणहूनच म्हणाली, "आज मसूर आहे, बाई."

मित्रांनो, आता माझी मूठ सैल झाली आहे आणि टवक्यापाशी गंज धरतो आहे. मला धुतलेत तर कोरडा पुसून उपडा ठेवा, म्हणजे मी आणखी काही वर्षे टिकेन. आणि एक मागणे आहे. रांगेत कोणी मान खाली घालून उभा असेल, तर तो कोणत्या दारातून आला ते पाहू नका. थोडे सरका. पाण्याचा जग त्याच्या हाताशी येईल असा ठेवा, आणि जमले तर विचारा, काल सूप कुठले होते.