शालिकरामच्या मोटरीची गळती

मोटर घेतली तेव्हा शालिकरामच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली म्हणजे मेडशीच्या मळ्यातला सांभार, म्हणजे कोथिंबीर, अकोल्याच्या बाजारात मान ताठ ठेवून पोचणार होता. बैलांच्या बंडीत रात्रभर हिंदकळून त्याची मान पडायची. दुसरी, लोक त्याला माळीबुवा म्हणायचे ते मोटरवाले म्हणणार होते. तिसरी त्याने कोणाला सांगितली नव्हती, पण अख्ख्या गावाला ठाऊक होती. धाकटा भाऊ चंपत वाटणीत बैलजोडी घेऊन बसला होता आणि त्या जोडीचं कौतुक ऐकवून ऐकवून त्याने थोरल्याचे कान किटवले होते. मोटरीच्या भोंग्यापुढे ते कौतुक ऐकू येणार नव्हतं.

बायकोला, जिजाबाईला, काय मिळणार याचा विचार कोणी केला नाही. तिला मिळालं घमेलं.

लढाईचं तिसरं वर्ष होतं. पेट्रोल कुपनाशिवाय मिळेनासं झालं तेव्हा वाशिमच्या एका वकिलाने आपली जुनी मोटर विकायला काढली आणि शालिकरामने ती घेतली. मागची गादी काढून टोपल्यांना जागा केली. मोटर चालायची बरी, पण गळायची. रात्रभर अंगणात उभी राहिली की पोटाखालून काळं तेल थेंबथेंब सांडायचं. तेलाचा डबा तर पेट्रोलपेक्षा दुर्मीळ. म्हणून जिजाबाई खाली घमेलं ठेवी आणि सकाळी ते तेल लुगड्याच्या फडक्यातून गाळून परत इंजिनात ओतायला देई.

चंपत मुद्दाम त्याच वेळी अंगणावरून जायचा. "वैनी, आज किती देल्लं वो म्हशीनं?"

जिजाबाई तोंडाला पदर लावून हसायची. शालिकराम हसायचा नाही.

गाडी चालवायला पातूरचा गुलाबसिंग ठेवला होता. तो एक दिवस मोटरीखालून सरपटत बाहेर आला आणि म्हणाला, "शालिकभाऊ, खालचा चेंबर उघडा लागते. अंदर काळा गाळ बसला हाय चिखलावानी. खरवडून काढतो, नवं पॅकिंग टाकतो. चार-पाच रोज मोटर उभी राहू द्या."

"उभी राहू द्या? अन् वांगे काय तुह्या डोक्शावर नेऊ?"

भर हंगामात मोटर उभी म्हणजे बाजार पुन्हा चंपतच्या बंडीतून. शालिकरामने रात्रभर डोकं चालवलं आणि त्याला आपल्या बापाची आठवण झाली. बाप दर वर्षी नांगराला, दारांना, मोटेच्या चाकाला जवसाचं तेल चोळायचा. चार दिवस उन्हात राहिलं की त्याची अशी कातडी धरायची की नखाने निघत नसे. फटी बुजायच्या, लाकूड पाणी प्यायचं नाही. घरच्या जवसाचं तेल घरात होतंच. गळतं ते बुजवणारं तेल असताना विलायती डब्यासाठी कोणाच्या पाया पडायचं?

गुलाबसिंगने भरलेला तांब्या पाहिला. "भाऊ, हे बाहीरच घट्ट होईन, इंजिनात होनार नाई, असं कोनं सांगतलं याले?"

"तू डायवर हायस, डायवर राय. वैद नोको होऊ."

गुलाबसिंगच्या घरी खाणारी तोंडं पुष्कळ होती. तो डायवर राहिला आणि तांब्या इंजिनात ओतला.

आणि गळती थांबली! पंधरवड्यात घमेलं कोरडं ठणठणीत. शालिकरामने ते पालथं करून दारापुढे ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. चंपत अंगणावरून गेला, पण म्हशीची चौकशी न करता.

त्याच सुमारास पलटणीतून रजेवर आलेला रामसिंग निरोप घेऊन आला. शालिकरामचा एकुलता एक जगदेव त्याच्याच पलटणीत होता, फौजेच्या लॉऱ्या चालवायचा. "सोमवारी दुपारी त्याची आगगाडी अकोल्याले थांबते, पानी घ्यापुरती. रजा नाई. तथून मंबई, मंग जहाज. आईले घेऊन या म्हने."

जिजाबाईने दीड वर्षात पोराचं तोंड पाहिलं नव्हतं. तिने तिळाचे लाडू वळले, डबा फडक्यात बांधला.

रविवारी दिवस मावळता चंपत बंडी जुंपून दारात आला. "वैनी, चाल माह्यासंगं. उन्हाच्या आत पोचतो. दादा येईन सकाळी मोटरीनं."

"जाऊ द्या ना वो मले," जिजाबाई म्हणाली. डबा तिच्या हातात होता.

"घरी मोटर असतानी माही बायको बंडीत जाईन? पोरगं काय म्हनन? त्याले आपल्या मोटरीतून उतरेल माय दिसू दे!"

चंपतने थोडा वेळ वाट पाहिली. मग बैल हाकले.

सकाळी मोटर निघाली ती झोकात. पातूरच्या घाटात इंजिनातून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येऊ लागला, मग धूर आला, मग सगळंच थांबलं. गुलाबसिंगने हँडल लावलं, त्यावर अंगाचा भार टाकून लोंबकळला. हँडल हललं नाही. खाली शिरून त्याने चेंबर सोडवला. एक थेंब पडला नाही. आत जास्त कढलेल्या काकवीसारखा गोळा होता, आणि तेल वर ओढणाऱ्या नळीची जाळी त्याच कातडीने लिंपून गेली होती.

"अजून थोडं तेल टाकून पाहू का?" शालिकरामने विचारलं.

जिजाबाई डबा घेऊन चालू लागली होती.

कोळशाच्या गॅसवर चालणारी प्रवाशांची सर्व्हिस मोटर आली, पण तिच्या टपावरसुद्धा माणसं होती. ती थांबली नाही. दोघं पातूरपर्यंत पायी गेली. तिथे भाड्याची दमणी, हलकी बैलगाडी, मिळाली. अकोल्याच्या स्टेशनावर पोचली तेव्हा दिवे लागले होते. बाहेर चंपतने बैल सोडले होते आणि तो जुवाला टेकून बसला होता.

"भेटला?" जिजाबाईने विचारलं.

"भेटला."

"वाळला का रे?"

"नाई वैनी. चांगला भरला." चंपतने मान वर केली नाही. "आई कुठी हाय म्हने. म्या म्हटलं, मोटरीनं येऊन राह्यली. तं हसला. आपली मोटर? म्हने. मंग गाडी सुटेपर्यंत फाटकाकडंच पाहे."

शालिकराम बैलांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

जगदेव परत आला नाही. दुसऱ्या वर्षी तलाठ्याने येऊन ते सांगितलं.

आता कोणी काय भरलं ते पाहू. शालिकरामची मोटर गेली; घाटातून ती बैलांनीच ओढून आणली, आणि पुढे मोडीत निघाली. गुलाबसिंगचं काम गेलं. चंपतला पुतण्या दिसला, पण त्याचीही सुटका नव्हती: दर सणाला वहिनीसमोर बसून त्याला ती चार वाक्यं पहिल्यापासून सांगावी लागत, आणि तो सांगे. मोटर घेताना जिजाबाईला कोणी विचारलं नव्हतं, तेल ओतताना विचारलं नव्हतं, आणि बंडी दारात आली त्या संध्याकाळी तिने एकदाच काही मागितलं ते कोणी ऐकलं नव्हतं. पाणी घ्यापुरती जी काय भेट होती, ती सगळी तिच्या पदरातून गेली.