मनिषला नसलेली बस

दीपमालाचा धाकटा भाऊ मनिष वरठीजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. दिवाळीनंतर एकदा पाळी संपवून कारध्याला घरी परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकने मागून धडक दिली, आणि तो जागीच गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघेनासं झालं. वडील भय्याजी तेवढं एकच बोलत, तेही चिडून. "कारखान्याची बस होती न बाई. मंग काहून गेला तो गाडीनं?"

दीपमाला नागपूरला शिकत होती. प्रवासाला निघालेली माणसं बस, ऑटो, मोटरसायकल यांतलं काय निवडतील, याचा अंदाज बांधणारं गणिती प्रारूप ती तयार करत होती. भाऊ गेल्यावर तिने हट्टाने वरठीचे कामगारच अभ्यासाला घेतले. वेळ आणि भाडं धरून गणित सांगत होतं की कारध्याच्या पोरांनी कारखान्याच्या बसनेच जायला हवं. जात मात्र सगळे मोटरसायकलने. सरांनी सुचवलं, तरुणांना गाडीची हौस असते, तीही मोजणीत धर. तिने धरली. आकडे बरोबर जुळले आणि तिला जेवण गेलं नाही. भावाला हौशी ठरवून तिने बाबांच्या रागावर शिक्काच मारला होता.

म्हणून ती मनिषच्या सोबत काम करणाऱ्या मंगरूला भेटली. तुम्ही बसने का जात नाही, असं तिने विचारलं, तर तो गोंधळला.

"कोणती बस, ताई?"

मग त्याने सांगितलं. कायम कामगार सुटले की बस निघते. ठेकेदाराची माणसं मागे राहून साफसफाई करतात. ती बाहेर येतात तेव्हा फाटकापाशी काहीच नसतं. ती बस आपली आहे, असं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दीपमालाने त्यांच्यापुढच्या पर्यायांतून बस काढली, हौसही काढली. तरी आकडे जुळले. पण हे कागदावर दाखवून बाबांना पटणार नव्हतं. ती त्यांना घेऊन कारखान्यासमोर जाऊन उभी राहिली.

भोंगा झाला. बस भरली आणि निघून गेली. बराच वेळ फाटक रिकामंच होतं. मग काजळलेल्या कपड्यांतली पोरं एकेक करून बाहेर आली आणि आपापल्या गाड्यांकडे वळली. भय्याजींना ओळखून मंगरू थांबला.

"त्याले बस नोव्हतीच," भय्याजी हळूच म्हणाले.

परतताना ऑटोत ते आपणहून बोलू लागले. लहानपणी मनिष तलावात सिंगाडे काढायला उतरायचा, चिखलाने माखून यायचा आणि आईच्या भीतीने गोठ्यात लपून बसायचा. कारधा येईपर्यंत ते थांबले नाहीत. दीपमाला त्यांचा हात धरून ऐकत राहिली.