सूर फुटतो ती जागा

फांदीवाल्याने आपली चेनसॉ, म्हणजे इंजिनाची करवत, दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावर ठेवली ती जवळजवळ आदळलीच. लोकांच्या छपरांवर झुकलेल्या फांद्या उतरवून देणे हा त्याचा धंदा. झाडावर चढलेल्या माणसाला दगा देणाऱ्या यंत्राविषयी तो प्रेमाने बोलेल, अशी अपेक्षा कुणी केलीही नसती.

"बाबा, तिसरी वेळ. ही लाकूड कापत नाही, नुसती धूर ओकते."

"गेल्या खेपेला मी स्वतः लावून दिली होती," दुकान चालवणारे सासरे म्हणाले; सून शेजारीच काम करत होती.

"तेच तर सांगतोय! आजही तसंच झालं तर मी पुलापलीकडच्या नव्या दुकानात जाईन. तिथे कंप्युटरवर बघतात म्हणे."

"जा की. आणि त्या कंप्युटरलाच फांदीवर चढव."

फांदीवाला हसला, पण जेवून येतो म्हणताना त्याने आपली दोरखंडाची पिशवी मात्र सोबत नेली. एरवी तो ती दुकानातच टाकून जात असे. सासऱ्यांनी ते पाहिले, आणि सुनेने त्यांना ते पाहताना पाहिले. इंजिनाचा सूर लावावा तर याच माणसाने, या एका वाक्यावर ते चाळीस वर्षे उभे होते.

त्यांच्या मुलाचे डोके इंजिनाच्या वासाने दुखते, म्हणून त्यांच्या हाताखालची जागा सुनेकडे आली होती. तिने प्लग काढला. टोकावर काजळी होती, काळी आणि ओली. पेट्रोल जास्त, हवा कमी. एवढे तर प्लग उघड बोलत होता. पण का?

तिने हवेचा फिल्टर उजेडात धरला, स्वच्छ. चोकची पाकळी पूर्ण उघडत होती. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलून तिने आतली सुई पाहिली, पातळ पडदा बोटांत दुमडून पाहिला. तोही मऊ, धडधाकट. आजाऱ्याचे सारे अहवाल निर्दोष यावेत आणि ताप तेवढा उतरू नये, तसे झाले.

कार्ब्युरेटर पुन्हा जोडल्यावर उरला भरधाव वेगाचा छोटा स्क्रू. तो बाहेर काढावा तसे पेट्रोल वाढते. तिने तो हलकेच आत बसवत फेऱ्या मोजल्या. पावणेदोन. असायला हव्यात सव्वा. तिने सहज फळीवरच्या आणखी दोन करवती उतरवल्या, गेल्या आठवड्यात दुरुस्त झालेल्या. त्याही पावणेदोनच.

म्हणजे दोष या यंत्रातला नव्हता. तो एका यंत्रातून दुसऱ्यात पायी चालत जात होता. तिचे कुतूहल क्षणभर स्वतःवरच खूश झाले, आणि लगेच गप्प झाले. कारण या तिन्ही यंत्रांपाशी जाणारे पाय एकाचेच होते, सासऱ्यांचे.

मग तिला कानांवरची ती जाड झापडे आठवली. दोन महिन्यांपूर्वी तिनेच त्यांना आणून दिली होती, कान जपावेत म्हणून. त्यांच्यामुळेच सूर नीट ऐकू येत नसणार! हायसे वाटून ती म्हणाली, "बाबा, आज ती झापडं काढून सूर लावा बरं."

"तूच आणायची, तूच काढायला सांगायची! चोर सोडून संन्याशाला सुळी."

"एकदाच हो."

मागच्या अंगणात त्यांनी करवत चालू केली. पूर्ण वेग दिल्यावर इंजिन एका उंच, ताणलेल्या सुरात किंचाळू लागले. रीत अशी, की स्क्रू हळूहळू उघडत जायचा. कुठेतरी त्या सुराला बारीक चिरा जातात, तो अडखळू लागतो. तिथेच थांबायचे. लाकडात शिरल्यावर तो पुन्हा स्वच्छ होतो. त्याआधीच थांबलो तर पिस्टन जळण्याची भीती. नंतर थांबलो तर हा असा धूर.

सव्वा फेरीला सूर फुटला. तिने तो स्पष्ट ऐकला.

सासरे डोळे मिटून वाट पाहत होते. स्क्रूड्रायव्हर फिरतच राहिला. पावणेदोन झाल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे माणूस भेटल्याचा आनंद उमटला. "हा बघ! फुटला."

इंजिन बंद झाले. काही न बोलणे सोपे होते. रोज त्यांच्या पाठीमागे प्रत्येक स्क्रू अर्धी फेरी आत घेतला असता, तर कुणालाही कळले नसते. पण ते तिच्याकडे बघत होते.

"तुला आधी ऐकू आला?"

"हो."

"किती आधी?"

"अर्धी फेरी, बाबा."

"अर्धी फेरी," ते पुटपुटले, एखाद्या दूरच्या गावाचे अंतर सांगावे तसे. उपड्या बादलीवर बसले. मग अगदी अनपेक्षितपणे त्यांनी विचारले, "कसा असतो गं तो? तिथे, सव्वा फेरीला?"

तिने विचार केला. "कापड फाटायच्या आधी एखादा दोरा सुटतो ना, तसा."

"आणि मला कापड फाटल्यावरच कळतंय. म्हणजे गिऱ्हाइकं खरं बोलत होती! मी उगाच त्यांच्या नावानं बोटं मोडत होतो." ते उठले. त्यांनी तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला आणि झापडे उचलून स्वतःच कानांवर चढवली. "तू फिरव. दोरा सुटला की मान हलव."

त्यांनी करवत दोन्ही मुठींत घट्ट धरली आणि वेग दिला. तिने मान हलवली. त्यांनी खुणेने स्क्रू परत आत घ्यायला सांगितले. पुन्हा. पुन्हा. तळव्याखालची थरथर त्या क्षणी कशी बदलते, हे ते हुंगल्यासारखे शोधत होते; कधी मूठ सैल करीत, कधी नुसती बोटे टेकवत. सातव्या वेळी तिच्या मानेपाठोपाठ त्यांचीही मान हलली, जराशी उशिरा.

फांदीवाला परतला, तेव्हा त्याने अंगणातल्या ओंडक्यावर करवत टेकवली. पांढरा भुसा सरसर उडाला, धूर नव्हता. त्याने पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

"वा! कोणी लावली?"

"हिनं. माझ्या कानाला तो सूर ऐकू येत नाही आता."

फांदीवाला थट्टा समजून हसणार होता, पण हसला नाही. "मग तुम्ही काय केलंत, बाबा?"

"मी?" सासरे म्हणाले. "सूर कुठे फुटतो, ते मी तिला विचारत होतो."